कागदावरील शब्दांची जागा

(पंचायत सचिव, शिक्षक आणि ग्रामस्थ यांच्यासाठी घेण्यात आलेल्या संगणक परिचय वर्गातील भाषणाचा मजकूर)



शासन आणि नागरिक यांची गाठ बहुधा कागदावरच पडते. जन्माचा दाखला असो, घरपट्टीची पावती असो, ग्रामसभेची सूचना असो की मामलेदार कचेरीतील आदेश असो, माणसाच्या आयुष्यातील महत्त्वाच्या प्रसंगी एक कागद त्याच्यासमोर उभा राहतो. त्या कागदावर काय लिहिले आहे याचा विचार आपण नेहमीच करतो. परंतु जे लिहिले आहे ते कागदावर कोठे लिहिले आहे, याचा विचार मात्र फारसा होत नाही. आजच्या भाषणाचा विषय हाच आहे. संगणकावरील वर्ड प्रोसेसरमध्ये मजकूर कसा जुळवावा, परिच्छेद कोठे आत घ्यावा, रकाने कसे आखावेत, हा वरवर पाहता कारकुनी तपशील होय. तथापि या तपशिलात कधी कधी एखाद्याचा हक्क दडलेला असतो.

गोव्यातील शेतकऱ्याला एक-चौदाचा उतारा ठाऊक नाही असे क्वचितच घडेल. या उताऱ्यात कब्जेदाराच्या नावाचा रकाना वेगळा, कुळाच्या नावाचा वेगळा आणि इतर हक्कांचा वेगळा. तेच नाव एका रकान्यात असले तर त्याचा अर्थ एक, आणि शेजारच्या रकान्यात गेले तर अर्थ दुसरा. १९६४ च्या कूळ कायद्याखाली आपला हक्क मांडावयास निघालेल्या माणसाला ‘तुझे नाव उताऱ्यावर आहे काय?’ एवढेच कोणी विचारीत नाही. ते कोणत्या रकान्यात आहे, हेही विचारले जाते. कागदावरील शब्दाची जागा म्हणजे काय, याचा याहून बोलका दाखला शोधण्याचे कारण नाही.

जुनी शिस्त

ही शिस्त संगणकाने आणलेली नाही. शाळेत पाटीवरून वहीवर आलेल्या मुलाला गुरुजी पहिली गोष्ट शिकवीत ती समास सोडण्याची. डाव्या बाजूस दोन बोटे जागा, नवा परिच्छेद सुरू करताना बोटभर जागा, आणि बेरजेच्या उदाहरणात एकंखाली एकं व दशकंखाली दशकं. हे ज्याच्या अंगवळणी पडले त्याची वही वाचावयास सोपी आणि त्याची बेरीज चुकण्यास कठीण. मोडी लिहिणारा कारकून आधी कागदावर आडवी रेघ ओढून घेई आणि मग त्या रेघेला अक्षरे लावीत जाई. रेघ सरळ असली की ओळ सरळ येई. भिंत रचताना गवंडी ओळंबा सोडतो, त्यातलाच हा प्रकार.

पुढे टंकलेखन यंत्र आले. भारतात गोदरेज कंपनीने १९५५ साली आपले पहिले टंकलेखन यंत्र तयार केले आणि त्यानंतर कित्येक दशके सरकारी कचेऱ्यांतून या यंत्राचा खडखडाट ऐकू येत राहिला. या यंत्राचा एक गुण होता. मात्रा-उकारांच्या काही कळा सोडल्या तर प्रत्येक कळ दाबताच यंत्राचा गाडा सारख्याच अंतराने पुढे सरके. ‘र’ अरुंद आणि ‘क्ष’ रुंद, हा भेद यंत्राला मान्य नव्हता. त्यामुळे टंकलेखक दहा वेळा स्पेसबार दाबून एक शब्द मध्यावर आणी, पुढच्या ओळीत तेवढ्याच वेळा दाबून दुसरा शब्द त्याच्या बरोबर खाली आणी, आणि रकाना सरळ उभा राही. एकदा उमटलेले अक्षर मग जागचे हलत नसे.

संगणक आला, यंत्र अडगळीत गेले, परंतु बोटांची सवय मात्र तशीच राहिली. आजही अनेक कचेऱ्यांत ‘सूचना’ हा शब्द मध्यावर आणण्यासाठी स्पेसबार तीस-चाळीस वेळा दाबला जातो, आणि नवे पान हवे असेल तर पान संपेपर्यंत एंटरची कळ. संगणकाच्या पडद्यावर हे ठीक दिसते. घोटाळा उघडकीस येतो तो नंतर.

घोटाळा कसा होतो

समजा, पावसाळी वादळात छपरे उडालेल्या घरांची एक यादी पंचायतीने तयार केली. प्रत्येक ओळीत नाव, वाडा आणि मदतीची रक्कम. करणाऱ्याने स्पेसबारच्या साहाय्याने तीन रकाने जुळविले. त्याच्या पडद्यावर यादी सुबक दिसली. आता ती दुसऱ्या कचेरीतील संगणकावर उघडली. तेथे तोच फॉन्ट नाही, म्हणून संगणकाने आपल्याजवळचा दुसरा फॉन्ट लावला. त्याची अक्षरे किंचित रुंद. सातव्या क्रमांकाच्या बाईचे नाव लांब, नवऱ्याचे व सासऱ्याचे नाव जोडलेले. ती ओळ कागदावर मावली नाही आणि तिची रक्कम खालच्या ओळीच्या आरंभी जाऊन पडली, म्हणजे आठव्या नावाच्या अगदी जवळ. यादी तशीच छापली गेली व फलकावर लागली. सातव्या क्रमांकाची बाई फलकासमोर उभी राहते तेव्हा आपल्या नावासमोर तिला कोरी जागा दिसते. तिने काय समजावे? फलकावरील कागदावर विश्वास ठेवून ती मुकाट्याने घरी परतली, तर चूक कोणाची?

या प्रसंगात कोणी लबाडी केलेली नाही आणि कोणी आळसही केलेला नाही. चूक एवढीच की, रकान्याची आखणी संगणकाला सांगितली गेली नाही. ती फक्त डोळ्यांना दिसेल अशी केली गेली. वर्ड प्रोसेसरच्या दृष्टीने तो रकाना नव्हताच. तो शब्दांमधील मोकळ्या जागांचा ढीग होता, आणि ढीग कोणत्याही बाजूस कलंडू शकतो.

आपल्याकडे या अडचणीत आणखी एक भर पडली होती. पूर्वी देवनागरीसाठी निरनिराळ्या कंपन्यांचे निरनिराळे फॉन्ट असत आणि एकाचा मजकूर दुसऱ्यात उघडला की अक्षरांऐवजी भलतीच चिन्हे दिसत. १९९१ साली पहिली आवृत्ती निघालेल्या युनिकोड या संकेतप्रणालीमुळे, ती जेथे वापरली जाते तेथे, अक्षरे आता जशीच्या तशी पोचतात. परंतु युनिकोड अक्षराची ओळख जपते, रुंदी जपत नाही. म्हणून अक्षर शाबूत राहिले तरी स्पेसबारने जुळविलेला रकाना मोडतो तो मोडतोच.

ओळ जुळविण्याचे चार प्रकार

मजकुराच्या कडा जुळविण्यास परिभाषेत संरेखन म्हणतात. ते चार प्रकारचे असते: डावीकडे, उजवीकडे, मध्यावर आणि दोन्ही बाजूंना. नेहमीच्या वापरातील वर्ड प्रोसेसरमध्ये त्यासाठी एकेक कळजोड आहे. कंट्रोल ही कळ दाबून धरावी. तिच्यासह एल दाबल्यास मजकूर डावीकडे, आर दाबल्यास उजवीकडे, ई दाबल्यास मध्यावर आणि जे दाबल्यास दोन्ही कडांना जुळतो. स्पेसबार चाळीस वेळा दाबण्याऐवजी दोन कळा एकदा दाबावयाच्या, एवढाच फरक. शिवाय कागदाचा आकार बदलला, फॉन्ट बदलला, तरी मध्यावरचा शब्द मध्यावरच राहतो, कारण तो मध्यावर असावा हे आता संगणकाला ठाऊक असते.

कोणता प्रकार कोठे वापरावा, याचे तारतम्य ठेवावे. कार्यालयाचे नाव व शीर्षक मध्यावर. दिनांक, स्वाक्षरी आणि रकमेचे आकडे उजवीकडे. पत्राचा मुख्य मजकूर डावीकडे किंवा दोन्ही कडांना. दोन्ही कडा जुळलेला मजकूर भारदस्त दिसतो, म्हणून कचेऱ्यांतून त्याची आवड फार. परंतु दोन्ही कडा जुळविण्यासाठी संगणक शब्दांमधील जागा ताणतो, हे विसरू नये. मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतात. ‘ग्रामपंचायतीच्या’, ‘कार्यवाहीसंबंधीचे’ असे लांबच लांब शब्द तयार होतात आणि ते ओळीच्या शेवटी तोडण्याची आपली प्रथा नाही. त्यामुळे अरुंद रकान्यात दोन्ही कडा जुळविल्या की ओळीत दोन-तीनच शब्द उरतात व त्यांच्यामध्ये दरी पडते. नुकताच वाचावयास शिकलेला प्रौढ माणूस अशा ओळीवर अडखळतो. यास्तव अरुंद रकान्यात आणि फलकावर लावावयाच्या सूचनेत डावीकडे जुळलेला मजकूरच बरा.

परिच्छेद आत घेणे

परिच्छेद आत घेण्याचे तीन प्रकार ध्यानात ठेवावेत. पहिल्या प्रकारात फक्त पहिली ओळ आत जाते. कथा, निबंध किंवा लांब अहवाल यांना हा प्रकार शोभतो. दुसऱ्या प्रकारात सबंध परिच्छेद आत जातो. एखाद्या आदेशातील उतारा मुख्य मजकुराहून वेगळा दाखवावयाचा असल्यास तो उपयोगी पडतो. तिसऱ्या प्रकारात पहिली ओळ बाहेर राहते आणि उरलेल्या ओळी आत जातात. अनुक्रमांक दिलेल्या ठरावांसाठी हाच योग्य. क्रमांक बाहेर एका सरळ रेषेत, मजकूर आत दुसऱ्या सरळ रेषेत, अशी मांडणी झाली की ठराव क्रमांक ९ शोधणाऱ्याची नजर वरून खाली सरळ जाते.

हे साधण्यासाठी पडद्याच्या वरच्या बाजूस एक मोजपट्टी असते. ती दिसत नसेल तर दृश्याच्या यादीतून ती दिसती करून घ्यावी. तिच्या डाव्या टोकाला दोन लहान त्रिकोण असतात. वरचा त्रिकोण पहिल्या ओळीची जागा ठरवितो व खालचा उरलेल्या ओळींची. माउसने ते सरकवून पाहिले की पाच मिनिटांत सर्व प्रकार समजतो.

यातही अर्थाचा प्रश्न आहेच. एका काल्पनिक सूचनेचा विचार करू. ‘अर्जासोबत पुढील कागदपत्रे जोडावीत’ असे लिहून खाली (अ) रहिवासाचा दाखला, (आ) वीजदेयकाची प्रत, (इ) घरपट्टीची पावती अशी यादी दिली आहे. त्याखाली ‘यांपैकी कोणतेही एक चालेल’ ही ओळ आहे. ही ओळ डाव्या कडेला, यादीच्या वर दिलेल्या वाक्याच्या रेषेत असेल, तर ती तिन्ही कागदपत्रांना लागू आहे हे उघड होते. पण तीच ओळ चुकून (इ)च्या मजकुराखाली आत सरकली, तर ती पावतीविषयीच काहीतरी सांगते आहे असे वाचणाऱ्यास वाटेल. मग घरपट्टीची पावती हाताशी असलेला मनुष्यही रहिवासाच्या दाखल्यासाठी तालुक्याच्या गावी हेलपाटा घालील, एका दिवसाची मजुरी बुडवील आणि बसचे भाडे भरील. कायद्याच्या मसुद्यात ‘परंतु’ने सुरू होणारे कलम नेमके कोणत्या पोटकलमाच्या रेषेत आहे, यावर वाद झडू शकतात. मग साध्या माणसाने साध्या सूचनेतून अर्थ कसा काढावा, हे लिहिणाऱ्यानेच पाहिले पाहिजे.

रकान्यांसाठी टॅब आणि तक्ता

कळफलकाच्या डाव्या बाजूस टॅब नावाची कळ आहे. रकाने जुळविण्यासाठीच ती टंकलेखन यंत्रावर आली आणि तेथून संगणकावर. मोजपट्टीवर ज्या ठिकाणी टॅबचा थांबा लावावा, तेथे ही कळ दाबताच मजकूर जाऊन थांबतो. दोन-तीन शब्दांच्या छोट्या मांडणीस, उदाहरणार्थ एकाच ओळीत डावीकडे जावक क्रमांक व उजवीकडे दिनांक असे लिहावयाचे असल्यास, टॅब पुरेसा आहे. मात्र नावे आणि रकमा यांची यादी असेल तर सरळ तक्ताच घालावा. तक्त्यात नाव कितीही लांबले तरी ते आपल्या चौकटीतच खाली वळते आणि त्याची रक्कम त्याच्यासमोरच राहते. वर सांगितलेल्या सातव्या क्रमांकाच्या बाईची रक्कम तक्त्यात कधीच निसटली नसती.

रकमेचा रकाना उजवीकडे जुळवावा आणि पैसे सर्वत्र दोन आकड्यांत लिहावेत. एका ओळीत ९८० आणि दुसरीत १२५०.५० असे लिहिले तर रुपयाखाली पैसे येतात व डोळ्यांची फसगत होते. ९८०.०० असे लिहिले की एकंखाली एकं येते. यादी एकाहून अधिक पानांची असेल तर तक्त्याची शीर्ष ओळ प्रत्येक पानावर पुन्हा छापावी, अशी आज्ञा संगणकाला देता येते. ती अवश्य द्यावी. तिसऱ्या पानावर आकडा पाहणाऱ्या माणसाला तो मंजूर रकमेचा आहे की नुकसानीच्या अंदाजाचा, हे कळले पाहिजे.

पानाचा विचार

कचेरीत वापरला जाणारा ए-चार आकाराचा कागद २१ सेंटिमीटर रुंद व २९.७ सेंटिमीटर लांब असतो. त्याच्या डाव्या बाजूस पुरेसा समास सोडावा, कारण हा कागद पुढे नस्तीत जाणार असतो. भोक पाडून दोरा ओवला की अरुंद समासातील अक्षरे दोऱ्याखाली जातात, आणि दहा वर्षांनी ती नस्ती उघडणाऱ्यास वाक्यांचे आरंभच दिसत नाहीत. १ इंच, म्हणजे अडीच सेंटिमीटरहून थोडा अधिक समास हे किमान समजावे. जाड नस्तीसाठी याहून अधिक सोडला तर उत्तम.

ओळींमधील अंतराचाही विचार हवा. रोमन अक्षरे तळरेषेवर बसतात. देवनागरी अक्षरे शिरोरेषेला लटकतात. आपल्या अक्षराच्या डोक्यावर मात्रा, रफार, अनुस्वार आणि पायाशी उकार, ऋकार असतात. ओळींचे अंतर नेमक्या आकड्यात घट्ट बांधले तर कधी वरची मात्रा कापली जाते, कधी खालचा उकार पुढच्या ओळीत घुसतो. उकार गेला की ‘कुल’चे ‘कल’ होते. गोव्यात १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरीतील कोकणी ही राजभाषा झाली असून शासकीय कामासाठी मराठीचाही वापर करता येतो. दोन्ही भाषांची लिपी एक, म्हणून ही काळजी दोन्हींकडे सारखीच घ्यावयास हवी.

स्वाक्षरीविषयीची सूचना सर्वांत महत्त्वाची. मजकूर पान भरून संपतो आणि केवळ स्वाक्षरी व हुद्दा दुसऱ्या पानावर जातो, असे अनेकदा घडते. अशा पानावर सही करणे म्हणजे जवळजवळ कोऱ्या कागदावर सही करणे होय. ते पान उद्या दुसऱ्याच मजकुराला जोडले गेले तर? जुने कारकून मजकूर संपला की उरलेली जागा रेघ मारून बंद करीत आणि रकमेपुढे ‘फक्त’ लिहीत, ते याच धोरणाने. वर्ड प्रोसेसरमध्ये एक परिच्छेद पुढील परिच्छेदासह एकाच पानावर ठेवण्याची सोय आहे. मजकुराच्या शेवटच्या दोन-चार ओळींचा परिच्छेद आणि स्वाक्षरी यांना ती लावावी, म्हणजे सहीच्या वर ती कशाखाली केली हे दिसत राहील. नवे पान हवे असल्यास एंटरची कळ बडवू नये. कंट्रोल व एंटर एकत्र दाबावे. ‘रु.’ आणि आकडा, किंवा ‘क्र.’ आणि अंक, यांची ओळीअखेर ताटातूट होऊ नये म्हणून त्यांच्यामध्ये कंट्रोल, शिफ्ट व स्पेसबार एकत्र दाबून न तुटणारी जागा घालता येते.

न पाहता वाचणारे

आता कागद सर्वच जण डोळ्यांनी वाचत नाहीत. दृष्टिहीन व्यक्ती संगणकातील मजकूर वाचून दाखविणाऱ्या प्रणालीच्या साहाय्याने तो ऐकतात. रिकाम्या ओळी घालून पान पुरे केले असेल, तर त्या प्रत्येक ओळीला ‘रिकामी’ असे ऐकत बसण्याची पाळी त्यांच्यावर येते. स्पेसबारने केलेले दोन रकाने त्यांना एकाच वाक्याप्रमाणे सलग ऐकू येतात आणि अर्थाचा खिचडा होतो. रीतसर तक्ता मात्र चौकटीमागून चौकट असा वाचला जातो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने माहिती सर्वांना सुगम असावी हे तत्त्व मान्य केले आहे. त्या तत्त्वाचे पालन एखाद्या पंचायतीत एका टॅबपासून आणि एका तक्त्यापासून सुरू होऊ शकते. मोबाइलच्या लहान पडद्यावर सूचना वाचणाऱ्या तरुणांनाही याच शिस्तीचा लाभ होतो.

आरंभ कोठून करावा

सवय बदलण्यासाठी एक सोपा उपाय आहे. न छापली जाणारी चिन्हे पडद्यावर दाखविण्याची एक खूण वर्ड प्रोसेसरच्या पट्टीवर असते. ती दाबली की प्रत्येक मोकळी जागा ठिपक्याच्या, प्रत्येक टॅब बाणाच्या आणि प्रत्येक परिच्छेदाचा शेवट एका विशिष्ट चिन्हाच्या रूपाने दिसू लागतो. आपल्या कचेरीतील एखादी जुनी सूचना उघडून हा प्रयोग करून पाहावा. ठिपक्यांच्या रांगाच्या रांगा दिसल्या तर ती इमारत पायाविना उभी आहे असे समजावे. मग एकेक रांग पुसून तेथे योग्य संरेखन, टॅब किंवा तक्ता घालावा. एकदा नीट झालेला नमुना जपून ठेवावा आणि पुढील प्रत्येक वेळी तोच वापरावा. शीर्षक, मजकूर, ठराव यांच्यासाठी शैली ठरवून ठेवण्याची सोयही आहे. तिच्यायोगे एका ठिकाणी बदल करताच सबंध अहवालात तो बदल होतो.

शिक्षकांकडे यातील मोठा वाटा जातो. संगणकाच्या तासाला मुलांना रंगीत अक्षरे व चित्रे काढावयास शिकविणे सोपे असते, आणि मुलांना ते आवडतेही. परंतु त्याच तासाला एक अर्ज लिहून घ्यावा: ‘प्रति’ कोठे, विषय कोठे, दिनांक कोठे, स्वाक्षरी कोठे. वर्गातील हजेरीपट किंवा गुणांचा तक्ता मुलांकडूनच तयार करून घ्यावा. वहीतील समास आणि पडद्यावरील समास ही एकच गोष्ट आहे, हे मुलांच्या लक्षात आले म्हणजे काम झाले.

ग्रामस्थांनीही आपला अधिकार ओळखावा. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने सार्वजनिक कागदांच्या प्रती मागण्याचा हक्क नागरिकांना मिळाला आहे. प्रत हाती आली की रकान्यांचे मथळे वाचावेत, आपले नाव कोणत्या रकान्यात आहे ते पाहावे, आकडा आपल्याच ओळीत आहे ना याची खात्री करून घ्यावी. काही सरकलेले दिसले तर सचिवांना विचारण्यात संकोच बाळगू नये, आणि सचिवांनीही तो आपल्यावरील आरोप समजू नये. जुळणी पुन्हा तपासून तो कागद नव्याने छापण्यास पाच मिनिटे लागतात. चुकीच्या कागदामागे धावणाऱ्या माणसाचे दिवस जातात.

आज या वर्गातून परत गेल्यावर प्रत्येकाने फलकावर लावलेला एक कागद, मग तो पंचायतीचा असो वा शाळेचा, नव्या नजरेने पाहावा. नाव आणि रक्कम एका ओळीत आहेत काय, अट योग्य कलमाखाली आहे काय, सहीच्या वर मजकूर आहे काय, एवढे तीन प्रश्न विचारावेत. उत्तर नकारार्थी आले तर तो कागद उतरवावा आणि नीट करून पुन्हा लावावा.